आडावरचा देवदूत

प्रिय गावरिलदादास,

सावेताचा प्रेमाचा नमस्कार. गिरणीचा पट्टा आणि तुझी कंबर, दोन्ही शाबूत असतील अशी आशा करते. वहिनीला गुडघ्यांना बदकाची चरबी चोळायला सांग (चोळायला म्हणते आहे, तळणीत घालायला नव्हे).

इकडचं म्हणशील तर, आधी खुर्चीत नीट बस. मी बाप्तिस्मा घ्यायचं ठरवलं आहे. एवढी वर्षं तोदेरबरोबर त्याच्या प्रार्थनागृहात जाते आहे, पण पाण्यात उतरले नव्हते. यांच्यात आधी सगळ्या मंडळीसमोर साक्ष द्यावी लागते, म्हणजे देव आपल्याला कुठे नि कसा भेटला ते स्वतःच्या तोंडाने सांगायचं. मग आपल्याला बाहेर पाठवतात आणि आत हात वर करून ठरवतात. एक जरी हात खाली राहिला, तर बसा वर्षभर कोरडे.

पंचाईत होती ती तोदेरच्या साक्षीची. तू ती कधी ऐकली नाहीस, कारण आडावरच्या त्या दिवसापासून तू आमचा उंबरा ओलांडला नाहीस. तर त्याच्या साक्षीत तो पलिंका दारू ढोसून आडात पडतो, देवाचा धावा करतो, आणि पांढऱ्या वस्त्रांतला कुणी अनोळखी पुरुष दोर सोडून त्याला वर ओढतो नि अदृश्य होतो. त्यानंतर तो दारूच्या थेंबाला शिवला नाही, हे मात्र अगदी खरं. (त्याच्या सांगण्यात पाणी पहिल्या वर्षी कमरेएवढं होतं. गेल्या सुगीच्या सणाला ते डोक्यावरून गेलं. मग धावा कसा केला, हे कुणी विचारत नाही.) आणि मी? मी म्हणे घरात शिव्याशाप देत बसले होते. हे मी पहिल्या बाकावर बसून ऐकायचं, आणि म्हाताऱ्यांनी माझ्याकडे बघून सुस्कारे टाकायचे.

मी साक्ष देणार म्हटल्यावर त्याचं धाबं दणाणलं. आठवडाभर न सांगता भांडी घासली, कोंबड्यांचं खुराडं झाडलं. शेवटी शनिवारी म्हणाला, "सावेता, थोडक्यात आटप हं. देव भेटला, बस्स." मी म्हटलं, "आणि कुठे भेटला म्हणून विचारलं तर?" त्यावर त्याने बटाटे सोलायला घेतले.

भीती मलाही होतीच, दादा. खोटं बोलून पाण्यात उतरायचं नव्हतं, आणि नवऱ्याला चारचौघांत तोंडघशीही पाडायचं नव्हतं. तरी उभी राहिले. पाळक मोइसेंनी नेमकं तेच विचारलं. मी सांगितलं, गिरणीच्या रस्त्यावर भेटला. नवरा आडात पडलेला बघून मी भावाकडे धावत सुटले. शिव्या देत होते हे खरं, पण पळता पळता त्या शिव्यांची कधी प्रार्थना झाली मला कळलंच नाही. भावाने नवऱ्याच्या पिण्यापायी अबोला धरला होता. तरी जातं तसंच सोडून, पिठाने माखलेला, दोर घेऊन तो धावला.

"पिठाने?" मागून कुणीतरी म्हणालं. सगळ्या माना तोदेरकडे वळल्या, आणि मला बाहेर धाडलं.

अक्रोडाखाली उभी राहिले. मग खिडकीतून तोदेरचा आवाज आला, "मला माहीत होतं. पीठ माझ्या डोळ्यांत गेलं होतं. पण गावरिलने वाचवलं म्हटलं, तर आभार मानायला गिरणीपर्यंत जावं लागलं असतं. देवदूताचं तसं नसतं."

सगळे हात वर गेले. तोदेरचे तर दोन्ही वर होते, असं पाळक म्हणाले.

तुझी बहीण,
सावेता

ता. क. येत्या रविवारी क्रिश नदीवर माझ्या बाप्तिस्म्याला ये. तुझा पंथ बदलायला कुणी बोलावत नाही, हवं तर तुझ्या पाद्रीबाबांना विचारून ये. तोदेरला तुझे आभार मानायचे आहेत. गिरणीवर यायचा त्याला अजून धीर होत नाही.

ता. क. काळा कोट घालून ये. पांढऱ्यात आलास तर आमच्या म्हाताऱ्या ऐकायच्या नाहीत.

ता. क. हे शेवटचं. तू आडावरून पाठ फिरवून निघून गेलास तो रागाने, असं तोदेर अजून समजतो. तुझ्या गालांवरच्या पिठात दोन ओले ओघळ होते, दादा. ते मी साक्षीत सांगितलं नाही.