मी सहमत नाही

३ फेब्रुवारी, मंगळवार
कॉम्प्युटर अपडेट झाला आणि त्याने करारनामा दाखवला. खाली बटण: ‘मी सहमत आहे’. लोक न वाचता दाबतात. मी वाचला. विमा कंपनीत पॉलिसीचा बारीक मजकूर तपासण्यात माझी नजर गेली आहे. घरी आलेला करार डोळे मिटून मान्य करणं जमणार नाही. एका कलमापाशी अडलो. माझ्या वापराची माहिती त्यांना गोळा करायची आहे. माझ्या वापरात लपवण्यासारखं काहीच नाही, हे जरासं लागलं. पण प्रश्न तत्त्वाचा आहे.
निर्णय: जुनी सिस्टिम काढायची. मुक्त, मोफत, स्वाभिमानी सिस्टिम टाकायची.
बायको म्हणाली, शनिवारपर्यंत माझ्या कॉम्प्युटरला हात लावशील तर बघ. तिच्या भरतकामाच्या मशीनला डिझाइन त्यातूनच जातं. हॉटेलची पहिली मोठी ऑर्डर आहे. नोकरांच्या शर्टांच्या खिशावर हंस. वेळेत दिले तर वर्षभराचं काम.
‘माझ्या’ कॉम्प्युटरला? नोंद घेतली आहे.

४ फेब्रुवारी, बुधवार
रजा टाकली. बायको दोरे आणायला बाहेर. योग्य वेळ.
आधी स्क्रीनवरची तिची सगळी डिझाइन्स पेन ड्राइव्हवर घेतली. क्षणात झाली. पद्धतशीर माणसाला वेळ लागत नाही.
नव्या सिस्टिमने विचारलं: जुनीच्या शेजारी राहू की सगळं पुसून टाकू? तत्त्वात शेजारी बिजारी नसतो. पुसलं.
दुपारी: सुंदर! निळा पडदा, शांतता. उगाच कशाची आठवण करून देत नाही.
संध्याकाळी: आवाजही करत नाही. स्पीकर चालत नाहीत. आवश्यकता होती का, हा विचार व्हावा.
आईने विचारलं, कॉम्प्युटरवरचे माझे पत्ते कुठे गेले? सांगितलं, नवीन खेळ आहेत. म्हणाली, मला तोच अर्धा राहिलेला डाव हवाय.

५ फेब्रुवारी, गुरुवार
पेन ड्राइव्ह उघडला. डिझाइन्स नाहीत. मी घेतली ती नुसती चित्रं. ती दाबली की खरी फाइल उघडायची. म्हणजे घर पाडलं आणि दारावरची पाटी जपून ठेवली.
आपण घाई केली का? प्रामाणिकपणे तपासलं. नाही केली. ती नुसती चित्रं आहेत, हे कुणी सांगितलं नव्हतं.
बायकोला सांगितलं. ओरडली असती तर बरं होतं. ती म्हणाली, भाऊला फोन करते. भाऊ म्हणजे माझा मेहुणा, कॉम्प्युटर दुरुस्त करतो. मी म्हटलं, गरज नाही, हंस मी काढतो. तिने विचारलं, तू? त्या ‘तू’ची लांबी कागदावर उतरत नाही.

६ फेब्रुवारी, शुक्रवार
नव्या सिस्टिमवरच्या मोफत प्रोग्रॅममध्ये हंस काढला. मान डौलदार. मशीनला दिला. एका शर्टावर चाचणी.
बायको: याला तोटी आहे.
मी: चोच आहे.
बायको: आणि मागे दांडा?
मी: शेपूट.
आई चष्मा लावून आली. म्हणाली, अगं बाई, किती गोड किटली!
दोघी हसून हसून खाली बसल्या. मग बायकोचं हसू मध्येच थांबलं, ती शर्टांच्या ढिगाकडे बघत राहिली.
मेहुण्याला फोन मी स्वतः केला. ही माघार नाही; तांत्रिक सल्लामसलत आहे. म्हणाला, भावोजी, स्वातंत्र्य कसं वाटतंय? ताईच्या डिझाइन्सची प्रत त्याने आधीच काढून ठेवली होती. का, विचारलं. म्हणाला, घरात तुम्ही आहात ना.

७ फेब्रुवारी, शनिवार, सकाळ
मेहुण्याने पहाटेच येऊन जुनी सिस्टिम आणि डिझाइन्स परत टाकली. करारनामा पुन्हा आला. मी खुर्ची ओढून पहिल्या कलमापासून सुरुवात केली. बायकोने माझं बोट धरलं आणि बटणावर दाबलं.
बोट माझं, संमती तिची. असा करार बंधनकारक ठरतो का, सोमवारी ऑफिसात बघतो.
मशीन सुरू झालं. खिशाखिशावर हंस. आईला डाव परत मिळाला नाही. ती माझ्याशी बोलत नाही.

रात्री नाही, संध्याकाळीच लिहितो, कारण लवकर झोपणार आहे
किटलीच्या शर्टाऐवजी बायकोने नवा आणला, आणि तो शर्ट मी घालायचा असा हुकूम निघाला. तोच घालून गठ्ठे उचलले, हॉटेलात पोचवले. मॅनेजर हंसांवर खूश. वर्षभराचं काम मिळालं.
मग त्याचं लक्ष माझ्या खिशाकडे गेलं. म्हणाला, चहावाले तुम्हीच ना? पाच कप, साखर कमी, सोमवारपासून रोज. चालेल?
मागून बायकोने कोपर मारलं.
म्हणालो, सहमत आहे.