आईच्या मंगळसूत्रातली पिन

मंगळवार, सोनई. दिवेलागण.

आई गेल्यापासून आज प्रथमच तिचं रेकॉर्डिंग लावलं. दिवाळीत प्रयोगशाळेतला सेन्सर घरी आणून तिच्या छातीवर धरला होता. त्याची पट्टी दोन थरांची. चुंबकीय क्षेत्रात एक थर किंचित ताणला जातो, दुसऱ्याला ओढतो, आणि त्या ओढीने दुसऱ्यात वीज उमटते. धडधडणाऱ्या हृदयाभोवतीही असं क्षेत्र असतं, पण फारच क्षीण; तरी मला तिचे ठोके हवे होते.

आजही सापडले नाहीत. पडद्यावर नुसती एक मोठी रेघ सावकाश चढत-उतरत होती. तेव्हा बिघाड समजून सोडून दिलं होतं. मग आठवलं, तिच्या मंगळसूत्रात सेफ्टी पिन अडकवलेली असायची. ती काढायची राहिली असणार. श्वासाबरोबर लोखंडी पिन हलत होती आणि पट्टीने तीच टिपली, ठोके त्यात बुडाले. म्हणजे हा तिचा श्वास? श्वासच.

वडील मागे येऊन उभे राहिले. "काय हाय हे?"

"आईचा श्वास, दादा."

ते खुर्ची ओढून बसले. बराच वेळ रेघेकडे बघत राहिले. मग आवाज एकदम बारीक करून म्हणाले, "निजलीय वाटतं."