ॲर्लनची रोजची परीक्षा

मंगळवार, ७ ऑक्टोबर
हद्द झाली! चीजच्या कारखान्यातल्या थंड कोठाराची यंत्रं ज्यानं जन्मभर सांभाळली, त्याची आता रोज परीक्षा! कामाच्या पाळीआधी फोनवर प्रश्न येतात. कोणाला किती येतं ते कंपनी मोजते. जे येत नाही तेच पुन्हा विचारून शिकवते. आमचा नवरोबा ॲर्लन सगळ्यांत खाली. मी म्हटलं, "मुद्दाम चुकतोस ना, हट्टी बोकडा?" नुसता हसला.

शुक्रवार, १० ऑक्टोबर
चर्चमध्ये माशांचं जेवण. कारखान्यात शिकवणारी मार्सिया कानाशी येऊन म्हणाली, "मार्क असेच राहिले तर त्याला काढतील गं." ताट तसंच ठेवून उठले.
घरी येऊन त्याच्याच यंत्रांतल्या विषारी वायूचं विचारलं, "अमोनिया गळला तर आधी काय करायचं?" तो खिडकीकडे वळला. "आधी... थांब, काल येत होतं मला."
थट्टा नव्हती ती. देवा!

रविवार, १२ ऑक्टोबर
प्रवचनात लक्ष नव्हतं. ठरवलं – उत्तरं मी देणार. त्याची दाढी होईपर्यंत फोन माझ्याकडे. खोटेपणा आहे, कळतं. प्रार्थनेत तेवढं बोलले नाही – देवाला माहीतच आहे.

गुरुवार, २३ ऑक्टोबर
सगळी बरोबर! झडपा, धोक्याचे भोंगे, गॅसमास्क – वापरलेल्या पाकिटांच्या मागे उतरवून पाठ करते. हायस्कूल संपल्यावर मला कोणी काही विचारलंच नव्हतं. मजा येते. हेही खरंच लिहिते.

सोमवार, २७ ऑक्टोबर
मार्सियाचा फोन सकाळीच. "अगं, ॲर्लन पहिला! आजपासून अमोनियाची खोली एकट्याच्या ताब्यात!"
उत्तरं माझी, हात त्याचे! आणि शेजारच्या कोठारात माणसं राबतात – आमच्या पाद्रीबाबांची लेकसुद्धा!
संध्याकाळी विचारलं, "कसं झालं?"
"झकास. जेवायला काय आहे?"

मंगळवार, २८ ऑक्टोबर
सॉसेज करपले. टाकवले नाहीत, खरवडून वाढले. सांगावं तर त्याची नोकरी जाते, विमा जातो. गप्प बसावं तर कोणाचा तरी जीव! उद्या मार्सियाकडे जाणार. लाज वाटो नाहीतर काही.

बुधवार, २९ ऑक्टोबर
गेले. उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. मार्सियानं खुर्ची पुढे केली. "त्यानं त्या खोलीची किल्ली सोमवारीच परत दिली. म्हणाला, डोकं साथ देत नाही. आता खोक्यांवर पट्ट्या चिकटवतो, तिथे राहील तो. फक्त प्रश्न बंद करू नका म्हणाला – 'बायको फार मन लावून अभ्यास करते. तिला कळू देऊ नका.'"