हृदयाची झडप आणि औरंगाबादची बदली

४ सप्टेंबर १९५६

हे काय नवीनच! गुडघा दाखवायला डॉक्टर हमीदांना बोलावलं, तर त्यांनी नळी छातीला लावली आणि बराच वेळ ऐकत बसले. हृदयातून रक्त बाहेर पडतं तिथली झडप म्हणे वयानं जाड, कडक झाली आहे. "खून गुजरता तो आवाज करता, अम्मा. बीमारी नक्को समझो, मगर नसां भी सख्त हो रै होंगे. रोज चलना, नमक कम, जर्दा बंद."

नरहरचा चेहरा पडायला हवा होता. माझा मुलगा तो! पण उजळला! नोव्हेंबरात हैदराबाद राज्याचे तुकडे होणार, आणि मराठी म्हणून त्याचं नाव औरंगाबादला पाठवायच्या सरकारी नोकरांच्या यादीत लागलं आहे.

"आई, तुझ्या हृदयाचं कारण देऊन हैदराबादेतच राहू द्या, असा अर्ज करतो. तू फक्त झोपून राहा!"

९ सप्टेंबर

झोपून आहे. सून लीला अळणी वरण आणते. जर्द्याची डबीही तिनंच लपवली.

१६ सप्टेंबर

डॉक्टर रागावले. "लेटना नक्को बोला ना!" मुलगा म्हणतो झोप, डॉक्टर म्हणतात चाल. आता नरहर कचेरीत गेला की चालते, तो आला की कण्हते.

२२ सप्टेंबर

फजिती! बेगम बाजारातून येत होते, काखेत हा एवढा भोपळा — समोर मुकुंदराव! नरहरचे साहेब. अर्ज त्यांच्याच टेबलावर!

"सुशीलाबाई, तुम्ही अंथरुणाला खिळला होतात ना?"

"सकाळीच खिळे उपटले," तोंडातून गेलंच. भर रस्त्यात हसत सुटले ते.

२३ सप्टेंबर

नरहरला सगळं सांगितलं, तर रुसूनच बसला. भोपळ्याची भाजीही खाल्ली नाही. भोपळ्याचा काय दोष?

५ ऑक्टोबर

मुकुंदरावांनी नरहरला बोलावून घेतलं. "आईला सोडून जायचं नाही, एवढं सरळ सांगायचं. नाटकं कशाला?" शिफारस करतो म्हणाले. राहील इथेच! नरहर जिलेबी घेऊन आला. मी दोन खाल्ल्या. खोटं कशाला लिहू, फार बरं वाटलं. माझा जन्म सुलतान बाजारातला, औरंगाबादेत माझं कोण आहे?

लीलेनं जिलेबीला हात लावला नाही.

६ ऑक्टोबर

लीला मोरीत भांडी घासत रडत होती. काही नाही, काही नाही करत शेवटी बोलली. तिची आई जालन्याला एकटीच असते, डोळ्यांनी अधू. औरंगाबादहून अधूनमधून जाता आलं असतं.

"नरहरला सांगितलंस?"

"त्यांना तुमची काळजी, सासूबाई. त्यात मी कसं बोलू?"

महिनाभर माझ्या झडपेची चर्चा चालली आहे या घरात. तिला कुणी विचारलंच नाही. मीही नाही.

८ ऑक्टोबर

सकाळी मुकुंदरावांच्या घरी गेले. म्हटलं, माझी प्रकृती ठणठणीत आहे. नरहरला औरंगाबादला पाठवा. मी इथेच राहीन. आणि मी येऊन गेले, हे त्याला कळू देऊ नका.

घरी येईपर्यंत रडले नाही.