डेल्फिनची नागोयाला बदली

४ नोव्हेंबर
नोकरी लागली! ऑफिस राजधानीतल्या ओर्तिगास भागात, आणि एसी असा की स्वेटर घालूनच बसावं लागतं. आमच्या कंपनीची माणसं जपानच्या शाखेत बदलून जातात, त्यांचे कागद मी करायचे. आमच्या साहेबीण मॅम पुरितांनी सगळ्यांना पान्सित नूडल्स खिलवल्या आणि म्हणाल्या, इथे कपाट आणि तोंड दोन्ही बंद ठेवायचं. सगळे हसले, मीही हसले. गावी इलोइलोला आईला फोन केला, तर तिने लगेच गल्लीभर सांगितलं की लोर्ना आता लोकांना परदेशी पाठवते.

११ नोव्हेंबर
पहिलीच फाईल डेल्फिन मारासिगानची. लगुना प्रांतातला वेल्डर, बोलायला लाजाळू. बदली आपल्याच कंपनीत असली तरी सरकारचा परदेशी कामाचा दाखला लागतो, आणि त्याआधी करार जपानमधल्या आपल्या वकिलातीतून तपासून यावा लागतो. नागोयाच्या शाखेला मात्र माणूस कालच हवा होता. मॅम म्हणाल्या, पर्यटक म्हणून पाठव, दाखल्याचं मागाहून बघू. मला पटलं नाही, पण नव्या सुनेने सासूला स्वयंपाक शिकवू नये. मीच डेल्फिनकडून घोकून घेतलं: चेरीचा बहर बघायला चाललोय.

१७ नोव्हेंबर
डेल्फिनच्या घरी निरोपाची जेवणावळ. अख्खं डुक्कर भाजलं होतं. वस्तीच्या कॅप्टनने, म्हणजे आमच्याकडच्या सरपंचाने, भाषण ठोकलं. डेल्फिनची बायको नेनिता मला देवदूत म्हणाली आणि सगळ्यात कुरकुरीत कातडं माझ्या ताटात वाढलं. मी लाजत लाजत दोनदा घेतलं.

१९ नोव्हेंबर
विमानतळावरून परत पाठवला. अधिकाऱ्याने विचारलं, नोव्हेंबरात चेरीचा बहर? तो मार्च-एप्रिलात असतो, मला ठाऊकच नव्हतं. डेल्फिन बॅग घेऊन थेट ऑफिसात आला. मी म्हटलं, घरी जा, दाखला आला की कळवते. तो मान वर करेना.
"मॅम, अख्खी वस्ती जेवून गेली. आता कुठल्या तोंडाने जाऊ?"
मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. चौथ्या मजल्यावरच्या जुन्या सर्व्हरच्या खोलीची किल्ली दिली. सर्व्हर गेले, एसी राहिलाय. पासपोर्ट दाखल्यासाठी माझ्याकडे ठेवून घेतला. आता तो जाड कोट घालून पांढऱ्या भिंतीपाशी फोटो काढतो आणि नेनिताला पाठवतो, की पोचलो.

२ डिसेंबर
सुट्टीनंतर वर गेले. डेल्फिन जमिनीवर पडलेला, कोटात, गार. त्याचा फोन मी उचलून बंद केला आणि पासपोर्टजवळ माझ्या टेबलाच्या खणात कुलूप लावून ठेवला. का, ते मलाच कळलं नाही. रुग्णवाहिकेचे लोक म्हणाले, हृदय बंद पडलंय. नाव विचारलं. मॅम पुरिता माझ्याकडे बघत होत्या.
"ओळखत नाही," मी म्हणाले.
जीभ झडली कशी नाही माझी? बेवारस म्हणून शवागारात नेला. नाव सांगितलं असतं तर निदान मातीला तरी घरी गेला असता. उद्या नेनिताला सांगते.

५ डिसेंबर
सांगितलं नाही. आज तिचाच फोन आला. मी तोंड उघडायच्या आत म्हणाली, डेल्फिनचे रोज मेसेज येतात. तिकडे थंडी फार. झोपायला पोलादी खण देतात, माणसाला आत सरकवून दार लावतात, जपान्यांची तऱ्हाच न्यारी! आणि हसली. फक्त तिथे त्याला कुणी नावाने हाक मारत नाही म्हणे, तेवढं साहेबांना सांगाल का?
मी म्हटलं, सांगते. मजेत आहे तो.
कुलूप काढून बघितलं. त्याचा फोन बंदच आहे.

९ डिसेंबर
दाखला आला. डेल्फिन मारासिगान, जाण्यास परवानगी. शरम वाटते. स्वतःच्या सावलीचीसुद्धा. पासपोर्टमध्ये घालून ठेवला — खण आतून बर्फासारखा — बोटं बधिर —

११ डिसेंबर
नेनिता ऑफिसात आली. त्याच्यासाठी विणलेला स्वेटर घेऊन. समोर बसून विचारलं, खरंच बरा आहे ना? मी मान डोलावली. तिने माझा हात धरला, म्हणाली, किती गार आहात तुम्ही.
तिच्या मागे बाकावर तो. कोट घातलेला. माझ्याकडे बघत नव्हता — मान खाली — माझ्या वतीने लाजत होता —

१३ डिसेंबर
ऑफिसच्या गार्डने आत सोडलं नाही. कोण पाहिजे, म्हणाला. मॅम पुरितांनी काचेतून पाहिलं — परक्या बाईकडे बघावं तसं —
नेनिताला फोन लावला. आज सगळं सांगणारच. म्हटलं, मी लोर्ना, कागदवाली. तिने शेजारी कुणाला तरी काही विचारलं. मग अगदी नम्रपणे —
"माफ करा. डेल्फिन म्हणतो, तो तुम्हाला ओळखत नाही."

पुन्हा लावते. फार थंडी — भिंती जवळ आल्यात, पोलादी — नाव सांगितलं की उघडतील — आधी नाव — माझं नाव —