पिस्ता रंगाच्या तीन खोल्या

१ जानेवारी, बुधवार

आजपासून भिंती. ठरलं म्हणजे ठरलं.

दौलत आत्या कैरोला मुलाकडे राहायला गेली आणि तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट मला मिळाला, त्याला चार वर्षं झाली. साखरपुड्यालाही तेवढीच. तीन खोल्या, बाल्कनीतून समुद्राचा एक तुकडा, आणि जमिनीपासून छतापर्यंत पिस्ता रंगाचा ऑइल पेंट. आत्या दर ईदला वरून एक नवा हात मारायची. भिंतीवर टकटक केलं तर डबा वाजवल्यासारखं वाजतं.

हाज सुब्ही, म्हणजे माझ्या होणाऱ्या बायकोचे, रदवाचे वडील, ट्राम चालवून रिटायर झालेले. काल पलीकडच्या गल्लीतल्या आमच्या घरी येऊन आईच्या देखत म्हणाले, मास्तर, सतरा एप्रिलच्या गुरुवारी आम्ही पोरीचं सामान घेऊन तुमच्या जिन्यात उभे. दोनदा तारीख हलली. तिसऱ्यांदा हलली तर फातिहा वाचून शब्द दिला होता हे आम्ही विसरू, तुम्हीही विसरा. जाता जाता सल्ला दिलाच: पॉलिश पेपर घासा, भेगांत लांबी भरा, रंग मारा, चार दिवसांचं काम.

मी नुसता हसलो. मी शाळेत भौतिकशास्त्र शिकवतो. जुन्या ऑइल पेंटवर नवा रंग मारणं ही शुद्ध फसवणूक, आणि मी संसाराची सुरुवात फसवणुकीने करणार नाही. सगळा रंग मुळापासून निघणार, तोही माझ्या हाताने. महिन्याला एक खोली. आरामात.

रदवाला फोनवर सांगितलं. तिने बरं म्हणून फोन ठेवला. भारावली असावी.

३ जानेवारी, शुक्रवार

नमाजानंतर अत्तारीनच्या बाजारात, बय्यूमीच्या हत्यारांच्या दुकानात. रंग खरवडायची पट्टी मागितली तर त्याने काउंटर भरून मांडल्या. रुंद, अरुंद, वाकड्या, लवचिक, पातं बदलायच्या. प्रत्येकीचा कोन वेगळा. असल्या गोष्टीत घाई बरी नाही. चहा झाला, चर्चा झाली, परत चहा झाला. बय्यूमी म्हणाला, उस्ताद, इतकं विचार करून घेणारं गिऱ्हाईक आता राहिलं नाही.

काही घेतलं नाही. पण दिवस सत्कारणी लागला.

११ जानेवारी, शनिवार

पट्टी घेतली (रुंद, कडक). दाराआडच्या कोपऱ्यात तासभर खरवडलं. टपाल तिकिटाएवढा रंग निघाला. अंगठा सुजला.

निष्कर्ष: माणूस बरोबर, हत्यार चुकीचं.

२० जानेवारी, सोमवार

समुद्रावर वादळ. तीन दिवस पाऊस. हवा दमट असताना भिंतीला हात लावणं अशास्त्रीय. आई म्हणाली, भिंत घराच्या आत आहे रे गाढवा. आईला आर्द्रता समजावून सांगण्यात संध्याकाळ गेली.

२ फेब्रुवारी, रविवार

हीट गन! इतके दिवस मी काय करत होतो? गरम हवा लागली की रंग तव्यावरच्या भाकरीसारखा फुगतो, मग पट्टी फिरवायची, सोलून हातात. हातभर लांबीचा पट्टा असा स्वच्छ निघाला की खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसलो. किती वेळ बसलो कळलं नाही.

तेवढ्यात पडदा पेटला. खालच्या मजल्यावरच्या उम्म बकर बादली घेऊन धावत आल्या. अर्धं पाणी पडद्यावर, अर्धं माझ्यावर. म्हणाल्या, लग्नाआधीच घर जाळणारा नवरा पहिल्यांदा बघितला, लोक नंतर जाळतात. बाईंना विनोदबुद्धी नाही.

पट्टा मात्र सुंदर आहे.

१९ फेब्रुवारी, बुधवार

रदवा तिच्या आईबरोबर, समीहाबाईंबरोबर, आली. समीहाबाईंनी तिन्ही खोल्यांना फेरी मारली आणि विचारलं, काम कुठे आहे? पट्टा दाखवला. त्या म्हणाल्या, हे तर मी आल्या आल्या बघितलं, बाकीचं? मी त्यांना समजावलं की हा नमुना आहे, पद्धत सापडली की उरलेलं फक्त क्षेत्रफळ. रदवा बाल्कनीत उभी होती. तिला समुद्र आवडतो.

हीट गन दुरुस्तीला.

१ मार्च, शनिवार

रमजान सुरू. बय्यूमीने रंग काढायचं औषध दिलंय. ब्रशने लावायचं, थांबायचं, रंग आपोआप साय धरतो. अडचण एकच: वास फार उग्र. तो नाकातून घशात उतरला तर रोजा मोडतो का?

अशा बाबतीत स्वतःच्या मनाने चालू नये. गल्लीतल्या मशिदीच्या शेखना, म्हणजे मौलवींना, विचारलं. ते म्हणाले, बाळा, खुशाल काम कर, काही मोडत नाही.

उत्तर फार चटकन दिलं. दुसरं मत घ्यावं.

६ मार्च, गुरुवार

दुसरे शेखही तेच म्हणाले. यांच्यात पूर्वीची कडक माणसं राहिली नाहीत. सीदी बिश्रला एक म्हातारे शेख आहेत म्हणे, ट्रामने जाऊन यायला हवं. तोवर डबा बंद.

२१ मार्च, शुक्रवार

हाज सुब्हींकडे इफ्तार. चाळिसेक माणसं. ऐन सुपाच्या वेळी त्यांनी टेबलाच्या त्या टोकाहून ओरडून विचारलं, मास्तर, भिंती कुठवर? सगळ्यांचे चमचे थांबले. मी म्हणालो, नव्वद टक्के.

हे खोटं नाही. हत्यार निवडणं हेच या कामाचं नव्वद टक्के, आणि निवड जवळजवळ झालीच आहे. हाज उठून आले, माझं डोकं दोन्ही हातांत धरून कपाळाचा मुका घेतला. म्हणाले, माणसाला मी ओळखलं नव्हतं. मग तिथल्या तिथे फोन करून सामानाच्या गाड्या ठरवल्या, ढोलवाले ठरवले.

रदवाने तोंड वरसुद्धा न करता माझ्या ताटात आणखी एक भात भरलेली कोबीची महशी वाढली.

२ एप्रिल, बुधवार

ईदची सुट्टी सत्कारणी. बय्यूमीने ग्राइंडरला तारांचा ब्रश लावून दिला. म्हणाला, यापुढे भिंत राहील नाहीतर रंग. आतली खोली धरली. दोन तासांत धूळ जिन्याने पार रस्त्यापर्यंत. उम्म बकर ईदच्या बिस्किटांचं ताट घेऊन वर आल्या. वरची पिठीसाखर हिरवी झालेली. म्हणाल्या, पिस्त्याची केली नव्हती, तुमच्या कृपेने झाली, आता खा. खावी लागली.

रंग निघाला. हे मुद्दाम नोंदवतो. एका अख्ख्या भिंतीवर रंगाचा ठिपका नाही.

गिलावाही नाही. मोठमोठ्या खपल्या आपण होऊन खाली आल्या. समुद्राच्या ओलीने तो कधीच सुटला होता, रंगानेच धरून ठेवला होता. विटा दिसताहेत. विटा मजबूत आहेत.

१० एप्रिल, गुरुवार

दुपारी रदवाचा फोन. म्हणाली, लुत्फी, मला एकटीला खरं सांग. झालं नसेल तर आजच सांग. मी बाबांना काहीतरी सांगेन, आजारी पडेन, गाड्या थांबवेन. पण येत्या गुरुवारी सगळ्या गल्लीसमोर माझं हसं करू नकोस.

मला वाईट वाटलं, खरंच वाटलं. म्हणूनच तिला धीर देणं भाग होतं. म्हणालो, तू काळजी करू नकोस, फक्त शेवटचा हात राहिलाय. ती म्हणाली, शपथ? मी म्हणालो, लाइन तुटतेय.

आठवडा पुष्कळ झाला.

१६ एप्रिल, बुधवार

सकाळपासून सगळी हत्यारं जमिनीवर मांडून बसलोय. पट्ट्या, हीट गन, औषध, ग्राइंडर, छिन्नी, वायर ब्रश. प्रश्न सुरुवातीचा आहे. पट्टीने केली तर औषधाची वेळ जाते. औषधाने केली तर ग्राइंडरचं काय?

दुपारी सगळ्यांना तेल दिलं.

थकलेल्या हाताने काम बिघडतं. आज इथेच, फ्लॅटवर, लवकर झोपतो. पहाटे ताज्या दमाने उठून एक खोली तरी.

१७ एप्रिल, गुरुवार

दहाला जाग आली. ढोलाने.

पाच गाड्या. पहिल्या गाडीवर फ्रिज, त्याला लाल रिबन. मागे वॉशिंग मशीन, गाद्या, काचेचं कपाट, समीहाबाईंनी चार वर्षं जमवलेली भांडी. बाया गाड्यांत उभ्या राहून आनंदाच्या आरोळ्या देत होत्या, मुलं दृष्ट लागू नये म्हणून मीठ उधळत होती, अख्खी गल्ली बाल्कन्यांत. सामान उतरवून घ्यायला आलेली आई माझ्याकडे बघून म्हणाली, जा, खाली जा, काहीतरी बोल. मी दारापर्यंत गेलो.

हाज सुब्ही सगळ्यांत पुढे चढून आले. नवा सूट. मी दारात आडवा उभा राहिलो, त्यांनी मला प्रेमाने बाजूला केलं. पहिली खोली बघितली. दुसरी बघितली. आतल्या खोलीत विटांसमोर उभे राहिले. मग अगदी हळू विचारलं, मास्तर, हे नव्वद आहेत की दहा?

मी म्हणालो, तांत्रिकदृष्ट्या...

त्यांनी हात वर केला.

फ्रिज तोवर दुसऱ्या मजल्यावर आला होता. उचलणारे ओरडत होते, हाज, वर की खाली? वर की खाली, लवकर सांगा, पाठ मोडली! हाज कठड्यावरून वाकून म्हणाले, खाली.

ढोल थांबला. एका ढोलवाल्याला कळलं नव्हतं, तो आणखी थोडा वेळ वाजवत होता.

रदवा खाली गाडीत बसली होती. मी बाल्कनीतून बघितलं. रिबनवाला फ्रिज तिच्या खिडकीजवळून परत गेला. तिने काच वर केली.

२० एप्रिल, रविवार

रागात माणूस काहीही करतो. हाज शांत होतील. मे अखेर अगदी शक्य आहे. बय्यूमी म्हणतो, इटलीचं नवं पातं येतंय.

आई माझ्याशी बोलत नाही. जेवण झाकून ठेवते.

३ मे, शनिवार

सकाळी रदवाचे मामा घरी आले आणि साखरपुड्याचे दागिने आईच्या हातात ठेवून गेले. चहाही घेतला नाही. मुलीकडून मोडलं की दागिने परत येतात. मी स्वतःला सांगितलं, ही फक्त रीत.

दुपारी रदवा फ्लॅटवर आली. एकटी, तिसरा मजला चढून. म्हणाली, बघायचंय. सगळ्या खोल्या बघितल्या. मग आतल्या खोलीत विटांवर हात ठेवून विचारलं, लुत्फी, चार वर्षांत एकदा तरी मला विचारलंस का, की तुला हिरव्या भिंती चालतील का? मी या भिंतींत आले असते. दोन खोल्यांत आम्ही सहा जण झोपतो रे. मी आत्याच्या पडद्यांसकट आले असते. भिंतींचं सोड. मी तुला इथे हवी होते का, एवढंच सांग.

हो म्हणायचं होतं. दुसरं काहीही नको, नुसतं हो. चार वर्षं मी तेच सांगत होतो असं मला वाटत होतं. तोंड उघडलं आणि म्हणालो, बय्यूमीकडे इटलीचं पातं आलंय, त्याने कडा अजिबात खरवडत नाहीत.

तिने मान हलवली, वर्गात उत्तर चुकलेल्या मुलाकडे बघून मी हलवतो तशी. रुमालाने हात पुसला. जिन्यात तिची पावलं खालपर्यंत ऐकू येत होती. मी हाक मारली नाही.

आता सुचतंय, ती तीन मजले चढून आली होती आणि मी तिला बसही म्हटलं नाही. घरात खुर्ची एकच. तिच्यावर हीट गन होती. ती मला उचलता आली असती.