दारात पेला घेऊन उभी असलेली बाई

आई, शेवटी तू काय म्हणालीस? या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही. तू गेलीस तेव्हा मी बारावीच्या पेपरला बसले होते. तूच आदल्या दिवशी दवाखान्यातून दटावून घरी पाठवलं होतंस, "पेपर टाकून हितं आलीस तर बघ." मावशी सांगते, तू माझं नाव घेत होतीस. शेजारच्या खाटेवरची बाई म्हणाली, तू पाणी मागत होतीस आणि पाणी द्यायला मनाई होती. गल्लीतल्या काकू म्हणतात, तू काहीच बोलली नाहीस, झोपेतच गेलीस. त्या तर तिथं नव्हत्याच. तुझ्या उशाशी तुझे मालक, म्हणजे आबा, एकटेच होते, आणि आबांना विचारलं की ते उठून गोठ्याकडे जातात. गोठ्यात आता म्हैस नाही, तरी जातात.

तुला तरी पिक्चरचे शेवट कुठं बघायला मिळायचे! सुट्टीच्या दिवशी तू मला गडमुडशिंगीहून बसनं टॉकीजच्या कँटीनमध्ये तुझ्या कामावर न्यायचीस. मी कँटीनच्या मोरीजवळ पोत्यावर बसले आहे, इंटरव्हल संपलेला आहे, आत कुणीतरी गोळी झाडतंय आणि तू वड्यांच्या बशा घासते आहेस. पेले धुऊन झाले की तू ते फळीवर पालथे घालतेस, एकाला एक चिकटवून. मग एका पेल्यात पाणी भरून, पदर खोचून बाहेरच्या दारात उभी राहतेस आणि ओळखीचा माणूस दिसला की विचारतेस, "शेवटी काय झालं वो?" चार जणांनी चार गोष्टी सांगितल्या की त्यातून तू पिक्चर जुळवायचीस आणि रात्री आम्हाला जेवताना सांगायचीस. कुणी काही सांगितलं नाही तर चेहऱ्यांवरून ठरवायचीस. पुढं तोच पिक्चर टीव्हीवर लागला आणि तुझा जिता नायक शेवटी मेला. मी ओरडले, तर तू भाकरी थापत म्हणालीस, "टीव्हीवाल्यांनी मारला आसंल. आमच्याकडं जिता हुता. मानसं डोळं पुसत न्हाई, गाडीच्या चाव्या चाचपत भाईर आलती की."

एकदा तुझं बघून मीही एका माणसाला विचारलं होतं. त्याचे डोळे लाल होते. तू माझ्या मनगटावर फटका दिलास, त्याच्या हातात पेला दिलास आणि तो गेल्यावर म्हणालीस, "रडून आलेल्या मानसाला काय इचारायचं नसतं. पानी द्यायचं." मला तेव्हा राग आला होता. विचारल्याशिवाय कळणार कसं?

आता मी पदवीधर आहे, आपल्या घरातली पहिली, आणि काम करते ते तुझंच. पिक्चर सुटला की दारात माईक घेऊन उभी राहते आणि लोकांची मतं रेकॉर्ड करते. मला हे काम मनापासून आवडतं. पेपरात लिहिणाऱ्यांचं मत सगळे वाचतात; शिरोलीच्या फौंड्रीतून पाळी संपवून आलेल्या माणसाचं मत कोण विचारतं? मी विचारते. या महिन्यात काम आलं ते तुझ्याच टॉकीजवर. कँटीन बंद झालंय, त्याच्या हॉलमध्ये उघडणाऱ्या दाराला प्लायवूड ठोकलंय. बाहेरची खिडकी आणि तिचा कट्टा तेवढा तसाच आहे.

पिक्चर विचित्र होता. नव्या मुलांनी काढलेला. एक पीठगिरणीवाला मरतो आणि वर एका कचेरीत पोचतो. तिथला कारकून त्याला सांगतो, लोक तुझ्याबद्दल जे सांगतील तेवढाच तू उरणार. मग तो गावात परत येऊन लोकांचं बोलणं ऐकत फिरतो. तो कुणाला दिसत नाही. अंगावर पीठ उडालं तरच दिसतो. सगळे हसत होते. शेवटी तो एका रिकाम्या हॉलमध्ये खुर्चीवर बसतो, मागचं दार थोडं उघडतं आणि पिक्चर संपतो. कोण आलं ते दाखवतच नाहीत.

"शेवट कुठाय?" पहिल्या दिवशी एक दूधवाले काका माझ्यावरच चिडले. "आनि ताई, ह्यो मेलाय, तर बिडी कशी वडतोय?" त्यांचा दोस्त म्हणाला, "तुझी गाडी मेलेलीच हाय की, ढकलल्यावर चालतीया न्हवं? तसंच." कबनूरहून आलेली एक बाई हसून हसून दमली होती. "आमचं मालक बी असंच. जित्तं हायत, पर पीठ लावल्याबिगर घरात दिसत न्हाईत." मग जाता जाता म्हणाली, "ती पानी घिऊन दारात हुबी ऱ्हाती, ती बाई तेवढी मनाला लागली बगा."

पिक्चरमध्ये अशी बाई नाही. मी दोनदा पाहिला होता. वाटलं, तिचा काहीतरी घोळ झाला असेल. दुसऱ्या दिवशी कॉलेजचा एक मुलगा म्हणाला, "ती दारातली बाई काहीतरी विचारते, पण तिला आवाजच ठेवला नाही. ते भारी केलंय." त्याच्या मागून आलेले एक निवृत्त मास्तर म्हणाले, "पदर खोचलेली ती बाई. चेहरा दाखवायला हवा होता." ही माणसं एकमेकांना ओळखत नव्हती. मी पिक्चर काढणाऱ्या मुलाला फोन केला. तो म्हणाला, "दारात बाई? आमच्यात तसं कुणीच नाही हो." टॉकीजच्या मॅनेजरना विचारलं तर म्हणाले, "आसंल की. मी कुठं पिक्चर बघतोय?"

तिसऱ्यांदा मी पुढच्या रांगेत बसले आणि खुर्चीचा सीन आला तसं पडद्याकडं पाठ करून लोकांकडं पाहिलं. पडद्याचा उजेड सगळ्यांच्या तोंडावर होता. हसू थांबलं होतं. मग एक मान उजवीकडं वळली, तिच्या मागची एक, मग आणखी काही. कुणी घाबरलेलं नव्हतं. ओळखीचं कुणी हाक मारल्यावर बघतात तशी ती माणसं पडदा सोडून उजव्या भिंतीकडं बघत होती, तुझ्या कँटीनच्या दाराकडं. मीही पाहिलं. प्लायवूड होतं, आणि वर बाहेर जायचा लाल दिवा. माझ्या पायांना एकदम गार लागलं, धुतलेल्या फरशीवर उभं राहिल्यासारखं.

मग मी आबांना आणलं. "फुकट हाय, चला," म्हटलं. तू गेल्यापासून ते टॉकीजच्या रस्त्यानंसुद्धा जात नाहीत, तरी आले. खरं सांगते, मी त्यांना पिक्चरसाठी आणलं नव्हतं. त्यांनी ती बाई पाहिली तर ते बोलतील, आणि एकदा बोलायला लागले की मी तुझे शेवटचे शब्द विचारीन, असं ठरवलं होतं. माईक चालू करून दारात उभी राहिले. प्रश्नही तयार होता, तुझाच.

ते सगळ्यांच्या शेवटी आले. खिसे चाचपत नव्हते. टोपी हातात होती आणि तिनंच ते डोळे पुसत होते. माझ्यासमोर थांबले, माईककडं पाहिलं, म्हणाले, "इचार, काय इचारतीस त्ये." इतक्या वर्षांत ते पहिल्यांदाच निघून गेले नव्हते.

मी माईक बंद केला. समोरच्या चहाच्या गाड्यावरून पेला मागून आणला, पाणी भरून त्यांच्या हातात दिलं. ते अर्धं पाणी प्यायले. उरलेलं अर्धं त्यांनी तुझ्या खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलं, हळूच, कुणाच्या तरी हाताजवळ ठेवावं तसं. मी पेला उचलायला गेले तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे तितं." बसमध्ये आम्ही शेजारी बसलो.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं ते मला ठाऊक नाही, त्यामुळं ते घरीच राहील. पण एक सांगायचं राहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पेला परत करायला टॉकीजवर गेले. दारं अजून उघडली नव्हती. पेला कट्ट्यावरच होता, धुतलेला आणि पालथा घातलेला. त्याच्याखाली ओलं वर्तुळ होतं. चहावाला समोरच स्टोव्ह पेटवत होता. त्यानं धुऊन ठेवला असेल, नसेलही. विचारलं असतं तर सांगितलं असतं. मी पेला त्याच्या हातात दिला आणि काही न विचारता निघून आले.